मेसचा खाडा आणि चौघांचं ॲप: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कसा उभा करावा

जुलै आला की शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे विषय दाखवायला येतात. स्मार्ट पार्किंग, स्मार्ट हॉस्पिटल, शेतकरी मित्र. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, चौदा मॉड्यूल, त्यात एक एआयचं असतंच. मार्च उजाडेपर्यंत लॉगिनची स्क्रीन तेवढी उभी राहते, आणि मग कुणीतरी हळूच सांगतं की अमुक ठिकाणी तयार प्रोजेक्ट मिळतो, ब्लॅक बुकसकट, म्हणजे छापील अहवालासकट.

मी नोकरीत मोबाइल ॲपच करतो आणि शनिवारी सकाळी या मुलांना वेळ देतो. बरेच गट गटांगळ्या खाताना पाहिले. एक गट मात्र नीट पार पडला. पुण्यातल्या एका मेसच्या खाड्याचं ॲप करणारे चौघं, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यांनी काय केलं, कुठे आपटले आणि मी कुठे चुकीचा सल्ला दिला, ते क्रमाने सांगतो. तुमचा विषय दुसरा असेल, पण क्रम बदलू नका.

पहिलं काम: वही शोधा

विषय शोधायला गुगलवर जाऊ नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुणाकडे तरी एक वही असते, जिच्यावरून महिन्यातून एकदा भांडण होतं. दूधवाल्याची, इस्त्रीवाल्याची, अभ्यासिकेची, सोसायटीच्या टँकरची. ती वही म्हणजे तुमचा विषय. वही आहे म्हणजे गरज खरी आहे, आणि भांडण होतं म्हणजे वही कुठेतरी कमी पडते.

आमच्या चौघांना ती वही स्वतःच्याच मेसमध्ये सापडली. १२० जण जेवायला. महिन्याचे ३,००० रुपये, दोन वेळची मिळून ६० ताटं, म्हणजे एका ताटाचे ५०. रविवारी संध्याकाळी मेस बंद असली तरी मेस चालवणाऱ्या काकू भागाकार ६०नेच करतात, कारण रविवारी दुपारी फीस्ट असते. गावी जायचं असेल तर आधी खाडा सांगायचा. काकू वहीत लिहितात आणि महिनाअखेरीस ‘मी सात सांगितले होते’, ‘माझ्याकडे पाचच आहेत’ हे सुरू होतं.

विषय मिळाला की मुलं लगेच गुगल फॉर्म काढतात: ‘असं ॲप आलं तर तुम्ही वापराल का?’ शंभर जण ‘हो’ म्हणतात आणि त्याचा पाय चार्ट ब्लॅक बुकात जातो. त्या ‘हो’ला काडीची किंमत नाही. माणूस उद्या काय करेल ते विचारू नका, काल काय केलं ते विचारा. मागच्या महिन्यात भांडण कशावरून झालं? तेव्हा वही काढून दाखवलीत का? खाडा कसा कळवतात, तोंडी, फोनवर की व्हॉट्सॲपवर? परवानगी घेऊन वहीच्या पानाचा फोटो काढा. त्यातल्या खाडाखोडी आणि समासातल्या खुणा नीट पाहा. वहीत जे बसत नाही ते समासात जातं.

काकूंच्या वहीत समासात रोज दोन आकडे होते, १०६ आणि ९८ असे. मुलांनी विचारलं. काकू म्हणाल्या, ‘अगं, ती ताटं. किती कणीक भिजवायची ते नको का कळायला?’

प्रोजेक्टची दिशा इथे ठरली. मुलांना वाटत होतं की अडचण महिनाअखेरच्या हिशेबाची आहे. ती होतीच, पण काकूंना रोज सकाळी नऊ वाजता जे हवं होतं ते म्हणजे तो एक आकडा. हिशेब महिन्यातून एकदा चुकतो, कणीक रोज उरते.

माझा चुकीचा सल्ला इथलाच. मी म्हटलं होतं, दारात क्यूआर कोड लावा, जेवायला येणारा प्रत्येक जण स्कॅन करेल, हजेरी आपोआप होईल. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘जेवायला आला की नाही ते मला दिसतंच की. येणार नाही ते आधी कळलं पाहिजे.’ हजेरी नोंदवायची नव्हती, खाडा नोंदवायचा होता. १२० जणांनी दोनदा स्कॅन करण्याऐवजी दहा-पंधरा जणांनी एकदा कळवायचं. वही हे आधीपासूनच करत होती, आम्हाला ते दिसलं नव्हतं.

काय करणार नाही याची यादी

सिनॉप्सिस लिहिताना एक पान ‘या ॲपमध्ये काय नसेल’ यासाठी ठेवा आणि गाइडची सही त्यावरही घ्या. आमच्या पानावर होतं: ऑनलाइन पैसे नाहीत, मेन्यू नाही, रेटिंग नाही, चॅट नाही, एकापेक्षा जास्त मेस नाहीत. रिव्ह्यूत कुणी तरी विचारणारच, ‘यात पेमेंट गेटवे का नाही?’ त्या वेळी हे पान कामाला येतं. नुसतं ‘वेळ नव्हता’ म्हणालात तर गुण जातात. ‘काकू यूपीआयवर पैसे घेतातच, तिथे अडचण नाही’ असं वहीच्या आधाराने सांगितलंत तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षकसुद्धा मान डोलावतो.

स्क्रीन आधी कागदावर

फिग्मा फुकट मिळतं आणि मुलांना आवडतं, पण तिथे पहिल्या तासात रंगांवरून वाद सुरू होतात. आधी साध्या कागदाचे फोनएवढे तुकडे कापा, पेनाने चौकोन काढा, आणि ते घेऊन थेट मेसमध्ये जा. एकाने कागद समोर धरायचा, दुसऱ्याने म्हणायचं, ‘काकू, आज किती ताटं ते बघा बरं’, आणि तिसऱ्याने त्या बोट कुठे नेतात ते लिहायचं. मदत करायची नाही. ‘इथे दाबा’ हे शब्द ओठांवर आले की जीभ चावा, कारण ॲप त्यांच्या हातात असेल तेव्हा तुम्ही शेजारी नसाल.

मुलांच्या पहिल्या कागदावर काकूंसाठी एक मेन्यू होता: ‘डॅशबोर्ड’, ‘रिपोर्ट्स’, ‘मेंबर्स’, ‘सेटिंग्ज’. आकडा ‘रिपोर्ट्स’च्या आत, तिसऱ्या टॅपवर. काकूंनी दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत कणीक. एकही टॅप करणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्क्रीनवर उरलं ते एवढंच: वर ‘आज सकाळ’, मधोमध १०६, खाली बारीक अक्षरांत खाडा टाकलेल्यांची नावं. फोन ओट्याच्या वर खिळ्याला लटकणार, सकाळी आठ ते दहा स्क्रीन बंद होणार नाही, आणि आकडा इतका मोठा की शेगडीपाशी उभं राहून वाचता यावा. पुढच्या सात महिन्यांत ही स्क्रीन बदलली नाही.

मुलांच्या बाजूची स्क्रीन: पुढच्या सात दिवसांची यादी, प्रत्येक दिवसापुढे सकाळ-संध्याकाळ दोन बटणं. बटणांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये बोट लागायच्या जागेची किमान लांबी-रुंदी ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) सांगितली आहे. सात दिवस एका स्क्रीनवर बसवण्यासाठी ती बारीक केलीत तर लोक शनिवारऐवजी शुक्रवारचा खाडा टाकतील आणि भांडण वहीवरून ॲपवर येईल. भाषा मराठी ठेवणार असाल तर फॉन्ट आधी फोनवर लावून बघा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत आणि लहान अक्षरांत वाचता येतात. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळींत वेलांटी आणि रफार कापले जातात, म्हणून ओळींमधलं अंतर थोडं जास्त धरा. आणि शब्द मेसचेच वापरा. एका मुलीने बटणावर ‘अनुपस्थिती नोंदवा’ लिहिलं होतं. ‘खाडा टाका’ लिहिल्यावर कुणाला काही समजवावं लागलं नाही.

वाटणी

नेहमीची वाटणी मी पाठ सांगू शकतो: एक कोड लिहिणार, एक पीपीटी करणार, एक ब्लॅक बुक टाइप करणार आणि चौथा झेरॉक्सचे पैसे देणार. यातला कोड लिहिणारा फेब्रुवारीत आजारी पडतो. नेहमी.

दुसरी चूक जरा हुशार गटांची: एक फक्त डिझाइन, एक फक्त डेटाबेस, एक फक्त स्क्रीन. मग स्क्रीनवाला डेटाबेसवाल्याची वाट बघत बसतो. काम आडवं कापू नका, उभं कापा. ‘खाडा टाकणं’ हे एकीचं, बटणापासून डेटाबेसपर्यंत सगळं. ‘आजचा आकडा’ दुसऱ्याचं. ‘महिन्याचा हिशेब’ तिसरीचं. चौथ्याकडे लॉगिन आणि नवीन माणूस जोडणं. प्रत्येकाला सगळ्याची थोडी ओळख होते आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘हा भाग माझा नाही’ म्हणायची पाळी येत नाही.

आठवड्यातून एकदा भेटा, पाऊण तास, शक्यतो चहा संपेपर्यंत. तीनच गोष्टी: काय चाललं ते फोनवर दाखवा, काय अडलं ते सांगा, काय ठरलं ते एका ठिकाणी लिहा. ठरलेल्या गोष्टी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवू नका, तिथे त्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात.

कशात बांधायचं

यावर जास्त वेळ घालवू नका. गटातल्या दोघांना जे थोडंफार येतं ते घ्या. फक्त अँड्रॉइड हवं असेल आणि जावा शिकलेले असाल तर कोटलिन ही भाषा. २०१९पासून गुगल अँड्रॉइडसाठी त्यालाच पहिला मान देतं. जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह. आमच्या गटाने फ्लटर हे ॲप बांधायचं साधन घेतलं, कारण स्क्रीन पटकन उभ्या राहतात आणि कोडमध्ये केलेला बदल सेकंदा-दोन सेकंदांत फोनवर दिसतो. त्यासाठी डार्ट ही भाषा शिकावी लागते. जावा येत असेल तर आठवड्यात हात बसतो. आयफोनचा विचार सोडून द्या. मॅक लागतो आणि ॲपलच्या डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर.

लॅपटॉप जुना असेल तर एम्युलेटरच्या (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनच्या) वाटेला जाऊ नका, पंखा विमानासारखा घरघरेल. फोन केबलने जोडा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा.

एआयकडून कोड लिहून घेणार, हे मला माहीत आहे. घ्या. नियम एकच: जी ओळ का लिहिली हे तुम्हाला बाकीच्या तिघांना सांगता येत नाही, ती मुख्य कोडमध्ये जाणार नाही.

डेटा: इथे एक रविवार घालवा

सर्व्हर स्वतः चालवायची गरज नाही, गुगलच्या फायरबेस सेवेतला फायरस्टोअर हा डेटाबेस पुरतो. मोफत योजनेत रोज ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात. ऐकायला खूप वाटतं. आता हिशेब करा.

मुलांच्या पहिल्या आराखड्यात प्रत्येक ताटाची एक नोंद होती: आला किंवा नाही. १२० माणसं गुणिले ६० ताटं म्हणजे महिन्याला ७,२०० नोंदी. काकूंनी महिन्याचा हिशेब उघडला की ॲप त्या सगळ्या वाचणार. सात वेळा उघडला की ५०,४०० आणि दिवसाचा कोटा संपला, तोही काकूंनी एकटीने संपवला. नंतर पोरांना आपले खाडे बघताही येणार नाहीत.

खाडाच नोंदवायचा ठरल्यावर हे आपोआप सुटलं. आजच्या सकाळचे चौदा खाडे वाचा, एकूण माणसांच्या आकड्यातून वजा करा: १२० वजा १४, १०६. पंधरा वाचनांत काम झालं.

मग एका नोंदीत काय असावं? कोण, कोणती तारीख, सकाळ की संध्याकाळ, कधी कळवलं. एवढ्यावर थांबणार होतो, तेवढ्यात काकूंचा नियम आडवा आला. सलग दोन दिवसांहून कमी खाडा त्या पैशांत धरत नाहीत. पण परीक्षेच्या दिवसांत धरतात. आणि कुणाच्या घरी वाईट बातमी असेल तर विचारतही नाहीत. मुलगा कोडमध्ये जर-तर लिहायला बसला. सोळा जर-तर झाले तरी काकूंचा स्वभाव त्यात मावेना.

अडचण अशी होती की ‘येणार नाही’ आणि ‘पैसे वजा’ या दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकाच खणात कोंबत होतो. पहिली कणकेसाठी, ती प्रत्येक खाड्याला लागू. दुसरी पैशांची, ती काकू ठरवणार. मग नोंदीत एक खण वाढला: ‘धरला की नाही’. महिनाअखेरीस ॲप खाडे ओळीने दाखवतं, नियमात बसणाऱ्यांवर आधीच बरोबरची खूण असते, आणि काकू बोटाने ती काढतात किंवा नवी करतात. तुमच्याही विषयात असं कुणीतरी असेल, ज्याच्या मर्जीवर निम्मा हिशेब चालतो. त्याची मर्जी कोडमध्ये उतरवत बसू नका, त्याला बटण द्या.

नोंदीचं नाव तारीख, वेळ आणि सभासद यांचं मिळून ठेवा. एकाच ताटाचा खाडा कुणी दोनदा टाकला तरी नोंद तीच राहते, दुसरी तयार होत नाही. निदान आम्हाला तसं वाटलं होतं.

तारखेने घातलेला घोळ

डिसेंबरात एकाच्या हिशेबात ५० रुपये कमी आले आणि त्या सकाळी कणीकही एका ताटाने कमी पडली. दोन रात्री मुलं शोधत होती. डेटाबेस उघडून पाहिलं तर त्या मुलाच्या एकाच सकाळच्या दोन नोंदी. एकीच्या नावात तारीख इंग्रजी आकड्यांत, दुसरीच्या नावात मराठी आकड्यांत.

झालं होतं असं. मुलाने स्वतः खाडा टाकला आणि काकूंनाही फोन करून सांगितलं. काकूंनी त्याच्या वतीने आपल्या फोनवरून टाकला. काकूंचा फोन मराठीत, मुलाचा इंग्रजीत. तारखेचं अक्षररूप करताना कोड फोनची भाषा विचारत होता, आणि मराठी म्हटलं की तारीख लिहून देणारं साधन आकडेही मराठी देतं. माणसाला दोन्ही तारखा सारख्याच. यंत्राच्या लेखी मात्र १ हा आकडा दोन्ही लिप्यांत वेगळं अक्षर आहे, म्हणून दोन नोंदी.

मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं: डोळ्यांना दाखवायची तारीख फोनच्या भाषेत, साठवायची तारीख कायम एकाच ठरावीक रूपात. हेच उलट्या बाजूनेही चावतं. कुणी रकमेच्या खणात मराठी कीबोर्डवरून ५० लिहिलं तर डार्टला तो आकडा कळत नाही, त्रुटी येते आणि काम तिथेच अडतं. आधी आकडे बदलून घ्या, मग बेरीज करा.

घड्याळाचंही तसंच. सकाळचा खाडा नऊच्या आत टाकायचा हा नियम. पहिल्याच आठवड्यात एकाने फोनचं घड्याळ मागे करून साडेदहाला खाडा टाकला आणि फुशारकीने सगळ्यांना सांगितलं. बरं झालं सांगितलं. फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. फायरस्टोअरच्या सुरक्षा नियमांत सर्व्हरची वेळ मिळते, तिथे तपासा. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, म्हणजे आपले नऊ तिथे साडेतीन.

आणि नेट गेलं तर? फायरस्टोअर नोंद फोनवरच ठेवतो, स्क्रीनवर लगेच ‘झालं’ दाखवतो आणि नेट आल्यावर पाठवतो. एसटीत बसून पावणेनऊला टाकलेला खाडा घाट उतरल्यावर दहाला पोचतो आणि नियम तो नाकारतो. पोराच्या मते खाडा पडला, काकूंच्या मते नाही. पुन्हा वहीवरचंच भांडण. उपाय सोपा आहे: सर्व्हरची पोच येईपर्यंत नोंदीपुढे घड्याळाचं चिन्ह दाखवा, व्हॉट्सॲपवर दिसतं तसं. ते चिन्ह काय सांगतं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

चार लॅपटॉप, एक कोड

पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ असे फोल्डर फिरायला लागले की समजा, गट बुडतोय. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपणारं साधन, पहिल्या दिवसापासून. गिटहब या साइटवर खासगी रेपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) चौघांना घेणं मोफत आहे. प्रत्येकाने आपल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) काम करायचं, दुसऱ्याने बघून मुख्य ब्रँचमध्ये घ्यायचं, आणि हे दर दोन-तीन दिवसांनी. तीन आठवड्यांचं काम एकदम जोडायला गेलात तर ते जोडण्यातच आठवडा जातो. मुख्य ब्रँच कधीही उघडली तरी ॲप चाललं पाहिजे, एवढी एक शिस्त पुरे.

आता एक जागा अशी की जिथे जवळजवळ प्रत्येक गट पडतो. अँड्रॉइडच्या प्रत्येक एपीकेवर (ॲप इन्स्टॉल करायच्या फाइलवर) एका किल्लीची सही असते. तुम्ही काही केलं नाहीत तर प्रत्येक लॅपटॉप आपापली चाचणीची किल्ली वापरतो. मग एकीच्या लॅपटॉपवरची एपीके आधी टाकलेली असेल तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवरची तिच्यावर बसत नाही, फोन नुसतं ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ म्हणतो. शिवाय गुगल लॉगिन त्याच किल्लीच्या ठशावर, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या कोडवर चालतं. ठसा फायरबेसमध्ये नोंदवलेला नसेल तर लॉगिन त्रुटी क्रमांक १० दाखवून बंद पडतं. पहिल्या रिव्ह्यूला आमच्या गटाचं हेच झालं. नेहमीचा लॅपटॉप चार्ज नव्हता म्हणून एपीके दुसऱ्यावर बांधली आणि लॉगिनच होईना. मुलं नेटला दोष देत बसली, समोरच्यांनी पुढचा गट बोलावला.

म्हणून पहिल्याच महिन्यात एक किल्ली तयार करा, चौघांनी तीच वापरा, तिचा पासवर्ड कागदावर लिहून दोन घरांत ठेवा. किल्लीची फाइल गिटहबवर मात्र टाकू नका.

लॉगिन आणि कुलूप

ओटीपी सगळ्यांना हवा असतो. पण एसएमएसला पैसे पडतात, आणि स्वतःच्या सेवेतून पाठवायचे तर भारतात डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) लागते, ती विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली नाही. गुगल लॉगिन घ्या. अँड्रॉइड फोनवर खातं असतंच. नवीन माणूस आत आला की काकूंच्या फोनवर नाव दिसतं, त्यांनी ‘हा आपलाच’ म्हटलं की खाडा टाकता येतो.

फायरस्टोअर सुरू करताना ‘टेस्ट मोड’ निवडला की ३० दिवस कुणीही काहीही वाचू-लिहू शकतं आणि नंतर सगळं बंद होतं. ॲप नेमकं तिसाव्या दिवसानंतर ‘अचानक’ बंद पडलं म्हणून रात्री अकराला मला दर वर्षी एक तरी फोन येतो. नियम आधीच लिहा: सभासदाने फक्त स्वतःची नोंद लिहावी आणि वाचावी, ‘धरला की नाही’ला फक्त काकूंनी हात लावावा. माहितीही गरजेपुरतीच घ्या. एका गटाने मेसच्या ॲपसाठी आधार क्रमांक मागितला होता. कशाला? ‘फॉर्ममध्ये असतो ना, सर.’ वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. नाव आणि ईमेलवर भागत असेल तर तिथेच थांबा.

मेसमध्ये उतरवा, तेही लवकर

पूर्ण झाल्यावर वापरायला देऊ, असं म्हणणाऱ्या गटाचं ॲप कधीच पूर्ण होत नाही. आमच्या गटाने नोव्हेंबरात, हिशेबाची स्क्रीन तयार नसतानाच, दहा मित्रांना ॲप दिलं. काकूंची वही चालूच ठेवली आणि रोज रात्री वही व ॲप ताडून पाहिलं. तारखेचा घोळ सापडला तो या ताडण्यामुळेच.

शंभर जणांची चाचणी लागत नाही. याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी वर येतात. फक्त ते पाच जण तुमच्या बेंचवरचे नकोत. काकूंच्या फोनमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा ठेवलेला होता. तिथे ॲप उघडल्यावर नावं कडेबाहेर गेली आणि फ्लटरचे पिवळे-काळे पट्टे दिसले. ‘हे काय, रस्ता बंद आहे का?’ काकूंनी विचारलं. चौघांच्याही फोनवर ते कधी दिसलं नव्हतं. स्वतःच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करून एक दिवस ॲप वापरा, नेट बंद करून एक दिवस वापरा, आणि गटात असेल तो सगळ्यात जुना फोन चाचणीसाठी ठेवा.

प्ले स्टोअर, ब्लॅक बुक, व्हायवा

प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. पण १३ नोव्हेंबर २०२३नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद गटात चाचणी करून घ्यावी लागते. म्हणजे व्हायवाच्या आधीच्या आठवड्यात हे होणार नाही, दोन महिने आधी हात घाला. नाही जमलं तर काही बिघडत नाही. फायरबेसच्या ॲप डिस्ट्रिब्युशनमधून १२० जणांना एपीके पोचवता येते.

ब्लॅक बुक शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलात तर यूएमएल, म्हणजे ॲपच्या रचनेच्या आकृत्या कुणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टमधून येतात आणि त्यात तुमच्या ॲपमध्ये नसलेला ‘ॲडमिन’ बसलेला असतो. त्याऐवजी वर्षभर जपलेल्या गोष्टी लावा: वहीच्या पानाचा फोटो, कणीक दाखवणाऱ्या काकूंसमोरचे कागदी चौकोन, दोन तारखांच्या दोन नोंदी, आणि तो सोळा जर-तरचा कोड, जो टाकून दिला. चुका दाखवायला घाबरू नका, एक्स्टर्नलला त्या वाचायला जास्त आवडतात.

व्हायवात आमच्या गटाला पहिला प्रश्न आला, ‘वहीत आणि यात फरक काय?’ उत्तर द्यायच्या आधी एकीने फोन काढला आणि त्या सकाळचा आकडा दाखवला, ८१. परीक्षा संपत आल्या होत्या, पोरं गावी निघाली होती. एक्स्टर्नलने मेसचा नंबर मागून घेतला आणि तिथल्या तिथे फोन लावून काकूंना विचारलं, आज कणीक किती भिजवली.

शेवटी सुपूर्द करायचं काम राहतं, ते बहुतेक गट विसरतात. फायरबेसचं खातं एका मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं, आणि मुलगा पास झाल्यावर तो ईमेल बंद होणार होता. जूनच्या आत मालकी काकूंच्या मुलीच्या खात्यावर केली, किल्ली आणि पासवर्ड बंद पाकिटात दिला, दर महिन्याचा हिशेब एका पानावर छापून घ्यायची सोय ठेवली. काकू ते पान अजून वहीत चिकटवतात.